गुळगुळीतपणाचे रसायन

बारावीला ग्रिफिथचा प्रयोग आपण सगळेच शिकवतो. न्यूमोनियाचे गुळगुळीत जिवाणू टोचले की उंदीर मरतो, खडबडीत टोचले तर मरत नाही. उष्णतेने मारलेले गुळगुळीत आणि जिवंत खडबडीत एकत्र टोचले तर मात्र तो मरतो. तिथून आपण थेट डीएनएकडे वळतो. गुळगुळीतपणा म्हणजे नेमके काय, असे कुणी विचारले तर ‘जिवाणूभोवतीचे आवरण’ म्हणतो आणि पुढे जातो. हे आवरण कशाचे बनले आहे याचा शोध ग्रिफिथच्या १९२८ च्या प्रयोगाआधीच लागला होता, आणि तो त्या काळी अनेकांच्या पचनी पडला नव्हता.

प्रतिजैविके नव्हती तेव्हा न्यूमोनियावर घोड्याच्या रक्तातला सीरम टोचत. पण न्यूमोकोकसचे प्रकार वेगवेगळे. एका प्रकाराविरुद्धचा सीरम दुसऱ्यावर चालत नसे. त्यामुळे रोग्याला कोणत्या प्रकाराने गाठले आहे हे ओळखणे जीवनमरणाचे होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात डोशे आणि ओस्वाल्ड एव्हरी यांना १९१७ मध्ये असे आढळले की, रोग्याच्या रक्तात आणि लघवीत जिवाणूंपासून सुटलेला एक विद्राव्य पदार्थ असतो, आणि त्या-त्या प्रकाराच्या सीरमशीच तो साका देतो. म्हणजे प्रकाराची ओळख या पदार्थातच होती.

पण पदार्थ कोणता? एव्हरी डॉक्टर होते, रसायनज्ञ नव्हते. त्याच रुग्णालयात मायकेल हायडेलबर्गर हिमोग्लोबिन शुद्ध करण्याच्या कामात होते. एव्हरी त्यांना एका लहानशा कुपीतली मळकट पूड दाखवत आणि जिवाणूंचे सारे रहस्य यातच आहे, तुम्ही कधी हात घालता, असे विचारत राहत. अखेर हायडेलबर्गरनी हात घातला. जिवाणू वाढवलेले लिटरच्या लिटर द्रावण आटवायचे, अल्कोहोलने साका काढायचा, तो विरघळवून पुन्हा काढायचा, असे ते काम. त्या काळची पक्की समजूत अशी की, शरीर प्रतिपिंडे बनवते ती प्रथिनांविरुद्धच. आणि प्रथिन म्हटले की नत्र आलाच. इथे मात्र पदार्थ जसजसा शुद्ध होई तसतसा नत्र घटत जाई, आणि सीरमशी प्रतिक्रिया तर कायमच राही. आम्लात उकळल्यावर हाती ग्लुकोज आला! १९२३ मध्ये दोघांनी जाहीर केले की हा पदार्थ बहुशर्करा आहे. बहुशर्करेला कुठेतरी प्रथिन चिकटून राहिले असेल, अशी शंका पुढे बरीच वर्षे घेतली गेली.

तिसऱ्या प्रकाराच्या शर्करेत नत्र मुळीच नव्हता. तिची रचना रीव्ह्ज आणि गोबेल यांनी १९४१ मध्ये उलगडली: ग्लुकोज आणि ग्लुक्युरॉनिक आम्ल यांची एकाआड एक गुंफलेली लांबच लांब माळ. त्यातला एक जोड कापसातल्या सेल्युलोजसारखा, चौथ्या कार्बनवरचा. दुसरा तिसऱ्या कार्बनवरचा. मणी दोनच, पण मणी किंवा जोड बदलला की शरीराच्या लेखी तो जिवाणूच निराळा. आज न्यूमोकोकसचे शंभराहून अधिक प्रकार माहीत आहेत ते यामुळेच. पिठूळ पदार्थ आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच, तरी आपल्याला एक पचतो व दुसरा पचत नाही, हे वर्गात सांगताना हे उदाहरणही जोडता येईल.

याच माळेचा एक धागा डीएनएपर्यंत जातो. एव्हरी आणि रने द्युबो यांनी १९३० मध्ये क्रॅनबेरीच्या दलदलीतल्या मातीतून एक जिवाणू मिळवला. त्याचे विकर तिसऱ्या प्रकाराचे आवरण तोडून टाकी. पुढे एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी ग्रिफिथचा ‘बदल घडवणारा पदार्थ’ शुद्ध करताना त्यातली शर्करा काढून टाकायला हेच विकर वापरले. १९४४ मध्ये त्यांना डीएनए सापडला तो असा, शर्करेचा काटा दूर करून. नोबेल ना एव्हरींना मिळाले, ना १०३ वर्षे जगलेल्या हायडेलबर्गरना.

शुद्ध शर्करेचीच लस होऊ शकते हे मॅक्लाउड आणि हायडेलबर्गर यांनी अमेरिकेतल्या सू फॉल्सच्या सैनिकी तळावर सुमारे १७,००० जवानांवर तपासले आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. पण पेनिसिलिन आले आणि लस मागे पडली. शिवाय दोन वर्षांखालील बाळांचे शरीर नुसत्या शर्करेला नीट दाद देत नाही. शर्करा प्रथिनाला जोडून द्यावी लागते. ही युक्तीसुद्धा एव्हरी आणि गोबेल यांनी १९३१ पर्यंत सशांवर दाखवली होती; बाळांसाठी न्यूमोकोकसची अशी लस मात्र अमेरिकेत २००० साली आली. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांची लस बनवली, तिला २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली.

त्या दहांत तिसरा प्रकार नाही. ज्या लसींत तो घातला आहे, त्यांचाही या प्रकारावरचा प्रभाव इतरांच्या मानाने कमीच पडतो. बहुतेक प्रकारांची शर्करा जिवाणूच्या भित्तिकेला रासायनिक बंधाने घट्ट जोडलेली असते. तिसऱ्याची सैल असते. ती सहज सुटते आणि प्रतिपिंडे जिवाणूऐवजी त्या सुट्या शर्करेलाच जाऊन चिकटतात.