घोरणाऱ्याची झोप

घोरणे हा आपल्याकडे फार दिवस विनोदाचाच विषय होता. कुंभकर्णाला उठविण्यासाठी ढोल बडवले, अंगावरून हत्ती चालविले, हे ऐकून आपण हसतो. पण इतके झोपूनही त्या गृहस्थाची झोप पुरी का होत नसे, हे कोणी विचारीत नाही. इंग्रजांचेही तेच. डिकन्सने १८३६-३७ साली ‘पिक्विक पेपर्स’मध्ये जो नावाचा लठ्ठ पोरगा रंगविला. तो उभ्याउभ्याच झोपे. वाचक हसले आणि पान उलटले.

१९५६ साली अमेरिकेत बरवेल प्रभृती डॉक्टरांनी एका स्थूल गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. पत्त्यांच्या डावात हाती उत्तम पाने आली असता हा गृहस्थ झोपी गेला! डॉक्टरांनी त्या विकाराला पिक्विकचेच नाव दिले. दोष मात्र चरबीवर ठेवला. खरा चोर १९६५ साली सापडला. फ्रान्समध्ये गास्तो यांनी आणि जर्मनीत युंग व कुलो यांनी अशा रुग्णांची झोप रात्रभर नोंदली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते, छाती धडपडते पण वारा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा घुरका येतो आणि श्वास सुरू होतो. तासाला ३० वेळा किंवा अधिक असे झाले, तर विकार तीव्र समजतात. गीयमिनो यांनी १९७६ साली त्याला ‘स्लीप ॲप्निया’ हे नाव रूढ केले. तोवर मोठा इलाज म्हणजे गळ्याला भोक पाडणे. १९८१ साली सिडनीच्या सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देणारे यंत्र काढले.

आता वयाचा प्रश्न. उपचार न केल्यास हा विकार वर्षागणिक बळावतच जातो काय? सॅन डिएगो येथे अँकोली-इस्राएल यांनी वृद्धांचा १८ वर्षे मागोवा घेतला. २००१ साली निघालेला निष्कर्ष आम्हांला विलक्षण वाटतो. श्वास अडण्याचे प्रमाण केवळ वयाबरोबर वाढत गेले नाही. ते बदलले ते वजनाबरोबर. म्हणजे ‘म्हातारपण आहे, चालायचेच’ हे आपले आवडते वाक्य येथे लंगडे पडते.

याचा अर्थ विकार निरुपद्रवी आहे असा मात्र नव्हे. आकडा जागच्या जागी राहिला तरी झीज चालूच असते. १९८८ साली सुरू झालेल्या विस्कॉन्सिनच्या पाहणीत, तीव्र विकार असणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे तिप्पट आढळला. यॅफी यांनी २०११ साली सरासरी ८२ वर्षांच्या २९८ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. विकार असलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के स्त्रियांची स्मृती वा बुद्धी पुढे मंदावली. नसलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. स्पेनमध्ये २०१२ साली ६५ वर्षांवरील ९३९ जणांच्या पाहणीत, तीव्र विकार असून उपचार न घेणारे हृदयविकाराने अधिक दगावले. यंत्र नियमित वापरणारे तसे दगावले नाहीत.

हे सारे परदेशचे, असे पनवेलकरांनी म्हणू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. उदवाडिया यांनी नित्याच्या तपासणीस आलेल्या ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध केली. झोपेतील श्वासदोष सुमारे १९.५ टक्के, आणि दिवसाच्या झापडीसह पुरता विकार ७.५ टक्के. कळंबोलीहून रात्री द्रुतगती मार्गाला लागणाऱ्या ट्रकांकडे पाहताना हा आकडा आमच्या मनातून जात नाही.

वृद्धांची अडचण निराळीच. रात्री तीनतीनदा लघवीला उठणे, सकाळी डोके जड असणे, दुपारी वर्तमानपत्र हातातून गळणे, ही सारी वयाच्या खाती जमा होतात. शिवाय या रोगाला साक्षीदार लागतो. श्वास अडतो तेव्हा रोगी झोपेत असतो. ते ऐकते शेजारी निजलेली बायको. ती गेली आणि मुले परगावी राहिली, म्हणजे त्या खोलीत ऐकायला कोणी उरत नाही.