बंबवाल्यांची रजा

ठाण्याहून घोडबंदरच्या वाटेनें पश्चिमेस निघालें, म्हणजे गायमुखाच्या पुढें डाव्या हातास डोंगर व रान आणि उजव्या हातास वसईची खाडी अशा चिंचोळ्या पट्टींतून रस्ता जातो, व वरसावे येथें तो मुंबई-अहमदाबादच्या हमरस्त्यास मिळतो. या बंदरावर एके काळीं अरबी घोडे उतरत म्हणून घोडबंदर हें नांव पडलें, असें सांगतात. १७३७ सालीं येथील किल्ला मराठ्यांच्या हातीं आला. आज या वाटेवर घोडा दिसावयाचा नाहीं. तेलाचे टँकर, मालाचे कंटेनर आणि घरीं परतणाऱ्या नोकरदारांच्या मोटारी यांची रांग मात्र मध्यरात्र उलटली तरी तुटत नाहीं. खाडीवरील जुन्या पुलाच्या जोडीस २०२३ सालीं नवा पूल झाला. वरसावे ज्या मिरा-भाईंदर शहरांत मोडतें, त्याची वस्ती १९९१ च्या शिरगणतींत पावणेदोन लाख होती. २०११ मध्यें ती आठ लाखांवर गेली.

गेल्या पावसाळ्यांत या नाक्यावर आमची गाडी तासभर अडकून पडली, तेव्हां एक प्रश्न मनांत आला. पहाटे तीन वाजतां येथें एखादा टँकर उलटला, तर शिडी, दोर व पाण्याच्या नळ्या घेऊन जो मनुष्य धांवत येईल, तो त्या घटकेस किती तासांचा जागा असेल? आणि आपल्या घरीं पुरी रात्र त्यानें शेवटची केव्हां काढली असेल?

प्रश्न दिसतो तितका नवा नाहीं. रोमचा बादशहा ऑगस्टस यानें इ. स. ६ मध्यें रात्रीं शहरांतून फिरून आगी विझविण्याकरितां सात तुकड्या उभारल्या. त्यांत भरती झाली ती बहुतांशीं दास्यमुक्तांची. आणि ठराविक वर्षें चाकरी करणारास पूर्ण नागरिकत्व द्यावें, असा कायदा पुढें करावा लागला. दुसऱ्यांच्या झोंपेसाठीं जागणारास कांहीं मोल द्यावें लागतें, हें त्या राज्यकर्त्यांनीं ओळखलें होतें.

आपल्याकडे ही ओळख फार सावकाश झाली. १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं मुंबईच्या कोटांत मोठी आग लागून बाजारगेटाकडील वस्तीची राख झाली. तरी त्यानंतर कित्येक दशकें आग विझविणें हें पोलिसांचें एक जोडकामच होतें. १८८७ सालीं बंबखातें म्युनिसिपालिटीकडे आलें, आणि १८९० मध्यें लंडनच्या बंबदलांतील डब्ल्यू. निकोल्स यांजकडे त्याचा मुख्य अधिकार गेला.

नेमक्या त्याच १८९० सालीं मुंबईंत दुसरी एक गोष्ट घडली. ठाण्यांत जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणीकामगारांस आठवड्यांतून एक दिवस विसांवा मिळावा म्हणून चालविलेल्या चळवळीस यश येऊन, १० जून रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. गिरणीचा भोंगा रविवारीं थांबला. बंबखान्याची घंटा थांबली नाहीं, थांबणें शक्यही नव्हतें. परंतु घंटा थांबत नाहीं म्हणून ती ऐकणाऱ्या मनुष्यानेंही थांबूं नये, हें अनुमान कोणीं काढलें? ज्या लंडनच्या शाळेंत निकोल्स शिकले, तेथें एकोणिसाव्या शतकांत कॅप्टन शॉ हे जवान भरती करतांना खलाशांस पसंती देत. कारण खलाशी हा अष्टौप्रहर हुकमाची वाट पाहण्यास सरावलेला असतो. बंबखाना म्हणजे जमिनीवरचें जहाज, आणि जहाजावरून घरीं कोण जातो? जवानाचें बिऱ्हाड बंबखान्याच्या आवारांतच असावें, ही आपल्याकडे भायखळ्यास व इतरत्र रूढ झालेली चाल त्या कल्पनेस जुळणारीच आहे. मुंबईसारख्या शहरांत डोक्यावर छप्पर मिळालें हें खरें. पण कामावरून सुटणें आणि घरीं जाणें यांमध्यें जें अंतर हवें, तें एका जिन्यापुरतें उरलें.

१९०७ पासून मुंबईंत मोटारीचे बंब येऊं लागले व हळूहळू घोडे गेले. घोडा दमतो, त्यास विसांवा द्यावा लागतो, हें कोणास कायद्यानें शिकवावें लागलें नव्हतें. मोटार दमत नाहीं. घोडे गेल्यावर बंबखान्यांत दमणारा प्राणी तेवढा एकच उरला, आणि त्यास स्वतःच्या थकव्याविषयीं बोलणें कमीपणाचें वाटे.

लंडनमध्यें पहिल्या महायुद्धानंतर दोन पाळ्या झाल्या. चोवीस तास काम व चोवीस तास सुटी. पुढें तास उतरत गेले, तरी १९७७ च्या नोव्हेंबरांत ब्रिटनमधील जवानांनीं संप केला व लष्कराला बंब चालवावे लागले. त्या तडजोडींतून आठवडा अठ्ठेचाळीस तासांवरून बेचाळीसांवर आला. आपल्याकडे अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा कारखान्यांस लागू झाला तो १९४६ मध्यें, मजूरमंत्री डॉ. आंबेडकर यांच्या खटपटीनें. पण बंबखाना हा कायद्याच्या दृष्टीनें कारखाना नव्हे.

त्याच्या दोनच वर्षें आधीं, १४ एप्रिल १९४४ रोजीं, व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजास आग लागली. पोटांत सुमारें चौदाशें टन स्फोटक द्रव्यें आणि वर कापसाच्या गाठी. दुपारीं चारनंतर दोन स्फोट झाले, त्यांत बंबदलाचे ६६ लोक गेले. दरवर्षीं १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. हें स्मरण योग्यच आहे. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, जवानाच्या मरणाची आठवण ठेवणें आपणांस जितकें साधलें, तितकी त्याच्या हजेरीपटाची विचारपूस साधली नाहीं. एकाला पुष्पचक्र पुरतें, दुसऱ्याला अंदाजपत्रकांत तरतूद लागते.

रजेचे नियम कागदोपत्रीं कंजूष नाहींत. महाराष्ट्र सरकारच्या १९८१ च्या नियमांत वर्षास तीस दिवस अर्जित रजा आहे. ती तीनशें दिवसांपर्यंत सांठवितां येते. मात्र रजा हक्क म्हणून मागतां येत नाहीं, असेंही तेच नियम सांगतात. कचेरींतील कारकुनाच्या बाबतींत हें कलम झोंपलेलें असतें, बंबखान्यांत तें सदैव जागें असतें. २०२० च्या फेब्रुवारीअखेर राज्य सरकारच्या कचेऱ्यांस पांच दिवसांचा आठवडा मिळाला, तेव्हांही अत्यावश्यक सेवा म्हणून अग्निशमन त्यांतून वगळावें लागलें.

“हे लोक पुष्कळ वेळ बसूनच तर असतात,” असें म्हणणारे गृहस्थ आम्हांस भेटले आहेत. बसलेला मनुष्य व मोकळा मनुष्य यांत भेद आहे. ज्यास घंटा होतांच निघावयाचें आहे, त्याची झोंप अर्धीच असते, आणि पहाटे घाटांत उलटलेल्या टँकरखालीं शिरतांना त्या अर्ध्या झोंपेची किंमत द्यावी लागते.

खरी अडचण दयेची नसून बेरजेची आहे. वर्षाचे तास ८,७६०. एका मनुष्याच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या, ३० अर्जित व ८ नैमित्तिक रजा वजा केल्या, तर सुमारें २७५ दिवस राहतात. आठ तासांच्या पाळीनें त्यांचे तास २,२००. म्हणजे बंबावरची एक जागा अहोरात्र भरलेली ठेवण्यास चार माणसें हवींत, आणि एका गाडीवर सहाजण धरले तर चोवीस. चोवीस तासांआड चोवीस तास या पद्धतीनें दोन माणसांत भागतें, पण मग आठवडा चौऱ्यायशीं तासांचा होतो व एकजण आजारी पडला कीं दुसऱ्याची रजा रद्द होते. शहर पांचपट वाढलें आणि जागा त्या मानानें भरल्या नाहींत, तर जी तूट पडते ती नगरपालिकेच्या जमाखर्चांत दिसत नाहीं. ती जवानाच्या घरीं दिसते.

कामाच्या सोईच्या वेळा हा अलीकडे कचेऱ्यांतून निघालेला विचार येथें जसाच्या तसा चालणार नाहीं. जवानास आज दहाला, उद्यां अकराला येतां येणार नाहीं. त्याच्यासाठीं सोय याचा अर्थ एवढाच, कीं पाळीचा तक्ता आधीं ठरलेला असावा, सोबत्याशीं पाळीची अदलाबदल करण्यास मुभा असावी, आणि दिलेली रजा आयत्या वेळीं फिरूं नये. दिवाळींत फटाक्यांमुळें बंबवाल्यास सुटी मिळणें कठीण, हें तो स्वतःही जाणतो व मागतही नाहीं. गणपतीची गोष्ट निराळी. कोंकणांत जाणाऱ्या रेल्वेचें आरक्षण साठ दिवस आधीं उघडतें आणि पाहतां पाहतां भरतें. भाद्रपदाच्या रजांची यादी त्या दिवसापूर्वीं बंबखान्याच्या फळ्यावर लागली, तर कांहीं जणांस तरी तिकीट मिळेल.