कबर नसलेल्या नाईकाच्या भेटीला

साल १९४४, जुलैचा पहिला आठवडा. ठाकुर्लीत रुळांलगतच्या चिखलात तुम्ही उभे आहात. पॉवर हाऊसचा धूर पावसात खाली दबलाय. कल्याणपलीकडे लष्कराची मोठी छावणी पडली आहे. तिचंच पुढे उल्हासनगर होईल. कल्याणकडून एक लष्करी गाडी येते. खिडक्याखिडक्यांत खाकी बाह्या आणि मिसरूडही न फुटलेले चेहरे. "गाव कुठलं हे?" एक जण ओरडतो. तुम्ही सांगता तोवर डबा पुढे गेलेला असतो.

आता सात समुद्र ओलांडा. १० जुलै, इटली, तिबर नदीचं वरचं खोरं. चढावर पाचवी मराठा लाइट इन्फंट्री शत्रूच्या भक्कम ठाण्यावर चाल करते आहे. तुमच्या पुढ्यात नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा जवान, वय अवघं बावीस.

अगदी जवळून मशीनगन सुटते. तुम्ही जमिनीला छाती टेकता. मान वर करता तेव्हा अख्ख्या तुकडीत कोणी मेलेलं, कोणी जखमी. उभे फक्त घाडगे. ते थांबत नाहीत. थेट मशीनगनवर धावतात आणि हातबॉम्ब टाकतात. गन बंद पडते, ती चालवणाराही संपतो. टॉमीगनने ते आणखी एकाला टिपतात. मॅगझिन बदलायला वेळ नाही. बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर दस्त्याचे घाव घालतात. ठाणं पडतं. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागतात आणि घाडगेही तिथेच कोसळतात.

युद्ध संपल्यावरच्या काळात या. इटलीतल्याच कॅसिनो गावच्या युद्धस्मशानात शुभ्र शिळांच्या रांगांमधून तुम्ही त्यांची कबर शोधता. ती नाही. ज्यांची कबर कुठे आहे हे ठाऊक नाही, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिथल्या स्मारकावर कोरली आहेत. त्यांत घाडगे सापडतात. बोट अक्षरांवरून फिरवा, नाव मोठ्याने वाचा. मरणोत्तर मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हाती दिला गेला.

लढाई साम्राज्याची होती, देश पारतंत्र्यात होता. म्हणून या माणसांचं काय करायचं हे आपल्याला नीट उमगलं नाही. स्वातंत्र्याच्या इतिहासात ती कडेलाच राहिली. पण शेजारी पडलेल्या सोबत्यांसाठी एकट्याने पुढे धावणारं धैर्य कुठल्याही साम्राज्याचं नसतं. ते त्या माणसाचं असतं, आणि मागे उरलेलं दुःख त्याच्या घराचं. ज्या भूमीवर ते पडले, त्या इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये घाडग्यांच्या नावे सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं.

तुम्हाला इटलीला जायची गरज नाही. ठाकुर्लीहून दिवा गाठा, कोकणची गाडी पकडा आणि माणगावला उतरा. तिथे त्यांचा पुतळा आहे. हार घाला, हात जोडा. पण सोबत मुलांना न्या आणि १० जुलैला काय घडलं ते त्यांना सविस्तर सांगा. कबर नसलेल्या सैनिकाला एवढीच जागा उरते: सांगणाऱ्याच्या तोंडी आणि ऐकणाऱ्याच्या मनात. ती जागा देणं आपल्या हातात आहे.