तारेभोवतीच्या कवचाची कुळकथा

उज्जैनच्या टावर चौकासारख्या, सिंहस्थात पाय ठेवायला जागा नसते अशा ठिकाणी डोक्यावरच्या तारा जमिनीखाली न्याव्यात, हे कुणालाही पटेल. पण तार पुरायची म्हटलं की खर्च कैक पटींनी का वाढतो? कारण मनोऱ्यावरच्या उघड्या तारेचं इन्सुलेशन हवा करते, तिला थंडही हवाच ठेवते, आणि दोन्ही फुकटात. जमिनीत विजेला अडवायचं ते वेष्टनाने, आणि तारेची उष्णताही त्यातूनच बाहेर पडायची. म्हणून भूमिगत वाहिनीची कुळकथा ही मुख्यतः वेष्टनाची कथा आहे.

१८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कमध्ये तांब्याचे दांडे लोखंडी नळ्यांत घालून भोवती डांबरी मिश्रण ओतलं. तिथला दाब जेमतेम ११० व्होल्ट. १८९०च्या सुमारास फेरांटी या अभियंत्याने डेप्टफर्डहून लंडनला वीज नेली ती थेट १०,००० व्होल्टने. एकात एक तांब्याच्या नळ्या आणि मधे मेणात भिजवलेला कागद! एकेक तुकडा जेमतेम सहा मीटरचा, त्यामुळे सांधे हजारोंनी.

दाब आणखी वाढला तेव्हा कागदाच्या थरांतल्या सूक्ष्म पोकळ्या घात करू लागल्या. तिथे ठिणग्या पडून वेष्टन आतूनच जळे. पिरेली कंपनीच्या लुइजी एमानुएली यांनी केबलमध्ये दाबाखाली पातळ तेल खेळवून त्या पोकळ्या भरल्या. १९२७पर्यंत न्यूयॉर्क आणि शिकागोत १३२ किलोव्होल्टच्या तेलभरित केबल पडल्या. पुढे १९६०च्या दशकात रेणू एकमेकांत गुंफलेलं पॉलिथीन आलं. ते ९० अंश सेल्सिअसलाही टिकतं आणि त्याला तेल लागत नाही.

मुंबईत ही वाट जवळून दिसते. १९१५ साली खोपोलीची वीज शहराकडे आली ती मनोऱ्यांवरून. आता कुडूस ते आरे या ८० किलोमीटरच्या वाहिनीत ३० किलोमीटर मनोऱ्यांवर, तर ५० किलोमीटर जमिनीखाली आहे. क्षमता १,००० मेगावॅट, दाब ३२० किलोव्होल्ट आणि प्रवाह एकदिश. लांब केबल संधारित्रासारखी वागते. प्रत्यावर्ती प्रवाहात ती सतत भरत-रिकामी होत राहते आणि तिची बरीच क्षमता त्यातच खर्ची पडते. एकदिश प्रवाहात ही अडचण उरत नाही.

सांधा मात्र आजही हातानेच होतो. चरात धूळरोधक तंबू उभारून जॉइंटर वेष्टन सोलतो, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होईपर्यंत घासतो, पुसतो. तिथे राहिलेला एक कण किंवा बारीक ओरखडा पुढे अख्खी वाहिनी बंद पाडू शकतो. त्यामुळे गर्दीच्या चौकांतल्या तारा जमिनीखाली जायलाच हव्यात, पण निविदेत काटकसर करताना सांध्याच्या कामाला आणि जॉइंटरच्या प्रशिक्षणाला कात्री लावू नये. केबलचं आयुष्य तिथेच ठरतं.