पाटील आणि मिर्झा

फराळाचे ताट रुमालाने झाकून शेजारच्या दारी नेऊन देण्याचा रिवाज आमच्याकडे अजून आहे; आणि ते ताट हाती घेतले की मला दरवर्षी प्रभातचा 'शेजारी' आठवल्यावाचून राहात नाही.

साल १९४१. आदल्याच वर्षी मार्चमध्ये लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झालेला. अशा दिवसांत पुण्याच्या प्रभात स्टुडिओत शांतारामबापूंनी विश्राम बेडेकरांची कथा घेतली आणि एक साधेसुधे गाव उभे केले. त्या गावात जिवबा पाटील आणि मिर्झा हे दोन म्हातारे शेजारी. बुद्धिबळाचा पट मांडावा, त्यावरून हुज्जत घालावी आणि हुज्जत घातल्यावाचून करमू नये, अशी त्यांची मैत्री. पुढे धरण बांधू पाहणारा एक धनिक गावात येतो. गाव एक राहिले तर त्याचे काम होत नाही, म्हणून तो नेमकी या दोन घरांच्या मधे पाचर ठोकतो. संशयाने जन्माचा लोभ नासतो. शेवटी धरण फुटते आणि त्या लोंढ्यात दोघे म्हातारे एकमेकांचा हात धरून जातात.

मराठीत पाटील झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदी 'पडोसी'त मिर्झा तेच राहिले. पण हिंदू शेजाऱ्याची भूमिका दिली मझहर खान यांना. म्हणजे हिंदू नट दाढी लावून मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू! माझा जीव अर्थात केशवरावांच्या पाटलावर. तसा पाटील पुन्हा होणे नाही. पण छाती म्हणाल तर ती हिंदीतल्या अदलाबदलीत अधिक, हे कबूल केले पाहिजे. त्या काळी पडद्यावर याहून वेगळे काही बोलायची गरजच नव्हती.

प्रभातमधले बापूंचे हे अखेरचे चित्र. १९४२ साली त्यांनी मुंबईस राजकमल काढले. पाच वर्षांनी देशाचीच फाळणी झाली. प्रभातही १९५३ च्या सुमारास मिटले, आणि १९६० साली त्याच आवारात सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आली. तिच्या पहिल्या प्रमुखांत मिर्झा, म्हणजे आपले जागीरदार! ज्या आवारात दाढी लावून वावरले, तिथेच ते पोरांना शिकवू लागले.

एक तक्रार मात्र माझ्या मनात राहून जाते. सगळे विष बाहेरून आलेल्या धनिकाच्या माथी मारले, की गावाची सुटका फार स्वस्तात होते. आमच्या आजीने 'शेजारी' पाहिला होता. शेवटच्या प्रसंगाला डोळ्यांना पदर लावल्याचे ती पुष्कळदा सांगे. आणि तिच्याच घरी ओसरीवरच्या कोनाड्यात एक कपबशी निराळी ठेवलेली असे, मुसलमान पिंजाऱ्यासाठी. वर्षातून एकदा तो गाद्या पिंजायला येई, चहा पिई आणि बशी आपली आपण विसळून परत कोनाड्यात ठेवी. आमच्याकडे धरण बांधायला कोणीही आले नव्हते.

ती बशी पुढे आईच्या हातून फुटली. फुटली की फोडली, हे मी तिला कधी विचारले नाही.