जखम भरल्यानंतरचा इतिहास

बरकतपुऱ्याहून काचीगुड्यावरून कोठीला जाणारी वाट आपल्या जुन्या मराठी कुटुंबांच्या पायांखालची आहे. जवळच्या जांबागेत विवेकवर्धिनी असल्याने कित्येक पिढ्यांना तो परिसर घरच्या अंगणासारखा. त्याच कोठीत, गोकुळ चाट येथे, आणि लुंबिनी उद्यानात २५ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी स्फोट झाले. चाळीसहून अधिक माणसे गेली. संगमनेरहून आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थीही त्यांत होते. २०१८ मध्ये न्यायालयाने दोषींना शिक्षा ठोठावल्या. इतिहास लिहिताना आम्ही मृतांचा आणि जखमींचा आकडा देतो आणि पान उलटतो. स्फोटात घायाळ झालेल्या देहाचा इतिहास मात्र तेथे संपत नाही.

स्फोटात हात वा पाय तुटतो, शस्त्रक्रिया होते, जखम भरते. घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. पुढे काही आठवड्यांत वा महिन्यांत उरलेल्या भागातील स्नायूंत, जेथे हाड असूच नये तेथे, हाड वाढू लागते. वैद्यकात यास हेटरोटॉपिक ऑसिफिकेशन म्हणतात. आपण त्याला अस्थानी अस्थिवृद्धी म्हणू. दुखावलेल्या ऊतींतील, दुरुस्तीच्या कामी लागलेल्या काही पेशी वाट चुकतात आणि हाड घडवू लागतात. कृत्रिम पायाच्या खोबणीत तेच हाड टोचते, त्वचा फाटते, चालणे थांबते.

या विकाराकडे वैद्यांचे लक्ष युद्धांनीच वेधले. पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्याला इजा होऊन लुळ्या पडलेल्या सैनिकांच्या सांध्यांभोवती असे हाड वाढते, हे १९१८ मध्ये ऑगस्टा देजरिन-क्लुम्पके या विदुषीने आपल्या सहकाऱ्यासह नोंदविले. त्याआधी एक वर्ष, १९१७ मध्ये, आपल्याकडे अपंग सैनिकांच्या शिक्षणासाठी क्वीन मेरीज संस्था स्थापन झाली. ती आज पुण्याजवळ खडकीस आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यात सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. जगलेल्या सैनिकाचे पुढे काय, हा प्रश्न महाराष्ट्राच्या भूमीवर असा संस्थारूपाने मांडला गेला.

हैदराबादेत स्फोट झाले त्याच २००७ साली इराक व अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या २१३ छिन्न अवयवांपैकी १३४, म्हणजे शेकडा ६३ अवयवांत अस्थानी हाड आढळले. स्फोटाची इजा आणि इजा झालेल्या भागातूनच केलेला छेद, ही दोन्ही कारणे ठळक ठरली. येथेच शल्यविशारदाचा पेच आहे: अधिक वरून कापावे तर पायाची लांबी जाते, लांबी राखावी तर हाड वाढण्याचा धोका. पुष्कळांना खोबणीत फेरफार करून आराम पडतो; काहींना वाढलेले हाड परिपक्व झाल्यावर ते काढून टाकावे लागते.

या हकिकतीतून आम्ही एवढेच घ्यावे. भरलेली जखम म्हणजे संपलेले दुःख नव्हे. वर्षभराने कोणी ‘पाय पुन्हा दुखतो’ म्हणाला, तर ते मनाचे खेळ मानून त्याला गप्प करू नये. क्ष-किरण चित्र काढावे. शहराच्या बखरीत २५ ऑगस्टची नोंद करताना मृतांच्या आकड्यापुढे पूर्णविराम न देता, त्यानंतर जगत राहिलेल्यांसाठी काही ओळी मोकळ्या ठेवाव्यात.