सामाईक घरगुती संगणक आणि अदृश्य वापरकर्ता खाती : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास लिहिताना यंत्रांची क्षमता, कंपन्यांची स्पर्धा आणि शासकीय धोरणे यांचाच विचार प्रामुख्याने होतो. एकाच यंत्रासमोर घरातील चार-पाच माणसांनी आळीपाळीने बसण्याचा जो काळ महाराष्ट्रातील शहरांनी अनुभवला, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष त्यामानाने कमी गेले आहे. या काळात घरातील एका यंत्रावर अनेक 'वापरकर्ता खाती' निर्माण झाली. त्यांतील काही उघड होती, तर काही हेतुपुरस्सर दडवलेली होती. खाते दडवण्याची ही सोय कोठून आली, तिचा ताबा घरात कोणाकडे राहिला आणि त्यामुळे कुटुंबातील अधिकाराच्या रचनेत काय बदल झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, या शहराच्या संदर्भात केला आहे.

खाते या कल्पनेचा उगम

एका यंत्राचे अनेक वापरकर्ते ही कल्पना घरात जन्मली नाही. ती विद्यापीठात जन्मली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये 'सीटीएसएस' ही कालविभाजन प्रणाली प्रथम चालवून दाखवली. संगणक एकच आणि संशोधक अनेक, अशी स्थिती असल्याने प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राखण्यासाठी परवलीचा शब्द योजण्यात आला. हा शब्द पहिल्यांदा चोरीला गेला तो १९६२ मध्ये, आणि त्यामागचे कारण उद्बोधक आहे. अॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला संगणकाचे मोजकेच तास मिळत असत. अधिक वेळ मिळावा म्हणून त्याने सर्वांचे परवलीचे शब्द असलेली फाईलच छापून घेतली. पुढे १९६६ मध्ये एका तांत्रिक दोषामुळे हीच फाईल प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर आपोआप उमटली. गुपित जाणून घेण्याच्या हेतूपेक्षा यंत्रावरील वेळेच्या हव्यासातून पहिली चोरी घडली, ही गोष्ट भावंडांमध्ये संगणकावरून होणाऱ्या भांडणांचा अनुभव असलेल्या कोणासही नवलाची वाटणार नाही.

बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये सुरू झालेल्या युनिक्स प्रणालीने या रचनेत आणखी एक भर घातली. 'रूट' हा सर्वाधिकारी वापरकर्ता त्यात होताच. शिवाय कोणत्याही माणसाची नसलेली, केवळ यंत्राच्या अंतर्गत कामांसाठी राखलेली खातीही होती. अदृश्य खात्याचे मूळ येथे आहे. माणसाने यंत्रात लपून बसावे म्हणून ही सोय झालेली नव्हती. यंत्राची स्वतःची कामे माणसाच्या नजरेआड चालावीत, एवढाच तिचा हेतू होता.

औरंगाबादमधील घर आणि संगणक

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ मध्ये झाली. त्यानंतर चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहती आणि सिडकोने वसवलेले नवे औरंगाबाद यांमुळे शहरात नोकरदार मध्यमवर्ग वाढत गेला. या वर्गाच्या दोन-तीन खोल्यांच्या घरात संगणक आला तो मुलांच्या शिक्षणाच्या नावाने, आणि त्याची जागा बहुधा बैठकीच्या खोलीत ठरली. दूरध्वनीची तार तेथेच होती, पाहुण्यांना यंत्र दिसावे अशीही इच्छा होती, आणि मुलगा काय करतो यावर येता-जाता नजर राहावी हा हिशेबही त्यात होता. भारनियमनाच्या काळात, विशेषतः २००५ नंतरच्या काही वर्षांत, वीज असेल तेवढाच वेळ वाटून घ्यावा लागे.

याच सुमारास, २००१ मध्ये, महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. शासकीय नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र आवश्यक ठरत गेल्याने शिक्षक, लिपिक, गृहिणी व विद्यार्थी असे सर्व थर संगणकासमोर बसू लागले. तथापि या प्रसाराचे प्रमाण ध्यानात ठेवले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत संगणकाविषयी प्रथमच विचारणा झाली, तेव्हा देशातील ९.५ टक्के कुटुंबांकडेच संगणक होता आणि इंटरनेटसह संगणक केवळ ३.१ टक्के कुटुंबांकडे होता. जनगणनेने घर मोजले. त्या घरात प्रत्यक्ष यंत्र कोण वापरतो हे मोजले नाही.

विंडोज एक्सपी व दडवलेले खाते

विंडोज ९८ मध्ये वेगवेगळ्या वापरकर्त्यांची नावे देता येत असत, पण परवलीच्या शब्दाची चौकट 'एस्केप'ची कळ दाबून सहज टाळता येई. घरगुती संगणकावर खऱ्या अर्थाने खाती आणली ती ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीने. प्रथम सुरू करतानाच हे यंत्र कोण कोण वापरणार, असा प्रश्न ही प्रणाली विचारी. जितकी नावे लिहावीत तितकी खाती तयार होत, आणि ती सर्वच्या सर्व परवलीच्या शब्दाविना व व्यवस्थापकाच्या पूर्ण अधिकारासह तयार होत. कर्ता एकच असावा हा आपल्याकडील एकत्र कुटुंबाचा संकेत. येथे मात्र प्रत्येक सदस्य कर्ता होता. स्वागताच्या पडद्यावर प्रत्येकाचे नाव, चित्र आणि न वाचलेल्या टपालाची संख्यादेखील सर्वांना दिसे.

या पडद्यावर न दिसणारे एक खाते मात्र आरंभापासूनच होते. 'अॅडमिनिस्ट्रेटर' नावाचे हे मूळ खाते एक्सपीच्या घरगुती आवृत्तीत केवळ 'सेफ मोड'मध्ये दिसे, आणि त्याला परवलीचा शब्द बहुधा नसे. म्हणजे वडिलांनी स्वतःच्या खात्याला कितीही अवघड शब्द लावला, तरी मागील दार उघडेच राही. ज्या मुलाला यंत्र सुरू होताना 'एफ ८' ही कळ दाबणे ठाऊक होते, त्याला घराची किल्ली मिळाल्यासारखेच होते.

नवे खाते दडवण्याची रीतही अवघड नव्हती. 'रजिस्ट्री' या प्रणालीच्या अंतर्गत नोंदवहीत 'स्पेशल अकाउंट्स' या कप्प्याखाली 'युझर लिस्ट' अशी यादी असते. तेथे खात्याचे नाव लिहून त्यापुढे शून्य ही किंमत दिली की ते नाव स्वागताच्या पडद्यावरून नाहीसे होई. आत शिरण्यासाठी त्या पडद्यावर 'कंट्रोल-ऑल्ट-डिलीट' या कळा दोनदा दाबून जुन्या पद्धतीची चौकट आणावी लागे व नाव स्वतः टंकित करावे लागे. परंतु हे दडवणे दारावरची पाटी काढण्यापुरतेच होते. 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरमध्ये त्या नावाचा कप्पा दिसतच असे आणि 'नेट युझर' ही आज्ञा दिली की सर्व नावांची यादी समोर येई. डिस्क जुन्या 'फॅट ३२' पद्धतीची असेल तर कोणाच्याही फायली कोणीही उघडू शके. 'एनटीएफएस' पद्धतीत कप्पा खाजगी करता येई, पण व्यवस्थापकाचा अधिकार असलेली व्यक्ती त्याचा ताबा घेऊ शकत असे. त्यामुळे खाते दिसते की नाही यापेक्षा व्यवस्थापक कोण, हाच निर्णायक प्रश्न होता.

किल्ली कोणाकडे?

या प्रश्नाचे उत्तर घरातील जुन्या क्रमाच्या उलट होते. संगणकाचे हप्ते वडील भरत. व्यवस्थापकाचा अधिकार मात्र बहुधा अभियांत्रिकी वा संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलाकडे असे. मुलांवर नियंत्रण ठेवण्यासाठी मर्यादित खाती करावीत, असे पालकांना सांगितले जाई. ती करून देण्याचे काम ते त्याच मुलाला सांगत. दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने स्वतःसाठी एखादे खाते मागे ठेवले, तर ते ओळखण्याची क्षमताही घरात त्याच्याखेरीज कोणाकडे नसे.

स्त्रियांच्या दृष्टीने हा विषय अधिक गंभीर आहे. भरल्या घरात स्वतःचा कोपरा मिळवण्याचा प्रश्न मराठी कुटुंबाला नवा नाही. रमाबाई रानडे यांच्या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्यांच्या शिक्षणावर घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा किती रोष होता, हे नमूद आहे. पुढील काळातही पत्रे व थोडे पैसे ठेवण्यासाठी ट्रंक, फडताळ वा धान्याचा डबा हीच स्त्रीची खाजगी जागा राहिली. संगणकावर तेवढीही जागा सहजासहजी मिळाली नाही. नोकरीचा अर्ज असो वा मैत्रिणीचे पत्र, मुलीचे वा सुनेचे काम भावाच्या अथवा नवऱ्याच्या खात्यातून होई. अशा घरात दडवलेले खाते एकीसाठी आडोसा ठरू शकत होते. त्याच तंत्राने दुसरा कोणी तिच्यावर पाळतही ठेवू शकत होता. तंत्र एकच असल्याने त्याचा न्याय तंत्राच्या आधारे करता येत नाही. अधिकार कोणाकडे होता हे पाहावे लागते.

कायद्यानेही या गुंत्याला फारसा हात घातला नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये संगणकाचा मालक किंवा प्रभारी व्यक्ती यांच्या परवानगीविना केलेला प्रवेश आक्षेपार्ह मानला आहे. पैसे वडिलांचे, व्यवस्थापन मुलाचे आणि वापर सर्वांचा अशा यंत्राचा प्रभारी कोण, हे त्या शब्दांतून उमगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले, तोवर बैठकीतील संगणकाचे युग जवळजवळ सरले होते.

भ्रमणध्वनीचा काळ

२००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाने मूळ 'अॅडमिनिस्ट्रेटर' खाते आरंभीच निष्क्रिय ठेवले आणि पालक-नियंत्रणाची सोय प्रणालीतच दिली. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. स्मार्टफोन प्रत्येकाच्या खिशात गेल्यावर सामाईक यंत्राचा प्रश्न मिटला, असा समज मध्यंतरी रूढ झाला होता. २०२० च्या टाळेबंदीत शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा अनेक घरांत दोन-तीन मुलांचे वर्ग वडिलांच्या एकाच फोनवर भरले, आणि त्या फोनवर खाते एकच, वडिलांचे होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली आहे. वडिलांच्या खात्यातून अभ्यास करणारी मुलगी मात्र यंत्राच्या लेखी एक प्रौढ पुरुष असते; तिच्यासाठी संमती मागण्याचा प्रसंगच तेथे उद्भवत नाही.